आयडल वाढवणं सोपं असतं



मी गॅरेजवाला माणूस. चालू इंजिनाच्या वरताण ओरडून बोलायची सवय, त्यामुळं माइकसमोर आवाज जरा मोठा लागला तर सांभाळून घ्या. मूळ गाव निपाणी. गेली बावीस वर्षं बेंगळुरूत, यशवंतपूरला आहे. एका बाजूला रेल्वे स्टेशन, दुसरीकडं मार्केट यार्ड, आणि तुमकूर रोडनं थोडं पुढं गेलं की पीण्या इंडस्ट्रियल एरिया. लेथ, मिलिंग, क्रँक ग्राइंडिंग, कुठलंही काम अर्ध्या तासाच्या अंतरावर करून मिळतं. इंजिनाशी खेळणाऱ्याला याच्यापेक्षा चांगला शेजार नाही.

माझ्याकडं येणाऱ्या पोरांचे प्रश्न ठरलेले असतात. अण्णा, किती हॉर्सपॉवर वाढेल? शंभरला किती सेकंदात जाईल? आज मी त्यावर बोलणार नाही. मी उभ्या गाडीवर बोलणार आहे. सिग्नलला थांबलीय, गिअर न्यूट्रल, पाय कशावरच नाही, आणि इंजिन चालू आहे. त्याला आपण आयडल म्हणतो. मॉडिफाय केलेलं इंजिन पळवणं त्या मानानं सोपं. ते उभं ठेवणं अवघड. आणि ते उभं राहत नसेल तर ते आपल्याला काहीतरी सांगत असतं. ते न ऐकल्यामुळं माझ्या हातनं एकदा काय झालं, तेही सांगणार आहे.

आधी थोडा हिशोब. साधी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आयडलला मिनिटाला साधारण ८५० फेरे घेते. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटतं. म्हणजे मिनिटाला ४२५ वेळा, सेकंदाला सातेक वेळा. चार सिलिंडरचे मिळून सेकंदाला २८ धक्के. ह्या प्रत्येक धक्क्यानं पुढच्या धक्क्यापर्यंत इंजिन ओढून न्यायचं असतं. ५००० आरपीएमला एखादा धक्का चुकला तर कळतही नाही, वेगाच्या जोरावर निभावून जातं. ८५० ला एक चुकला की अख्खी गाडी हलते.

शाळेत स्लो सायकलची स्पर्धा असायची, आठवतं? जोरात सायकल कुणालाही चालवता येते. शेवटी पोचणारा पहिला, असं म्हटलं की भलेभले पाय टेकतात. आयडल म्हणजे इंजिनाची स्लो सायकल.

दुसरी अडचण हवेची. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. फटीतनं जेमतेम हवा आत येते आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. मुळात हवाच इतकी थोडी, की काडेपेटीच्या काडीएवढ्या भोकातनं जादा हवा शिरली तरी सगळं गणित बिघडतं. तेच भोक पूर्ण रेस दिल्यावर हिशोबातही येत नाही. म्हणून कितीतरी गाड्या रस्त्यावर झकास पळतात आणि सिग्नलला बंद पडतात.

आता मॉडिफिकेशनकडं येऊ. आयडल सगळ्यात जास्त बिघडवतो तो कॅमशाफ्ट. कॅमचं काम व्हॉल्व्ह उघडायचं आणि मिटायचं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटायच्या आधीच इनटेक उघडायला लागतो. थोडा वेळ दोन्ही उघडे असतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. कंपनीच्या कॅममध्ये हा वेळ कमी ठेवलेला असतो. रेसिंगच्या कॅममध्ये जास्त, कारण वरच्या आरपीएमला त्या थोडक्या वेळात बाहेर जाणारा धूर नवी हवा आत ओढून घेतो. तिथं फायदा होतो. पण आयडलला उलटं घडतं. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तो जळालेला धूर मागं खेचतो. आत येणाऱ्या ताज्या मिश्रणात शिळा धूर मिसळतो. असं मिश्रण सावकाश पेटतं, कधीकधी पेटतच नाही. मग तो आवाज येतो: गुडुक, गुडुक, गुडगुड, गुडुक. पोरांना त्या आवाजाचं भारी वेड. पण तो आवाज म्हणजे धक्के चुकल्याचा आवाज आहे, ताकदीचा नाही.

त्यात हलकं फ्लायव्हील बसवलं असेल तर धक्क्याधक्क्यामधला वेळ सावरायला वजनच उरत नाही. आणि काही वेळा इंजिन बिचारं ठीक चाललेलं असतं, पण माउंटिंग बदलून कडक बसवलेली असतात, म्हणून स्टिअरिंग, सीट, आरसा सगळं थरथरतं. गिऱ्हाईक म्हणतं आयडल खराब आहे. आधी बॉनेट उघडून बघा, इंजिन हलतंय की गाडी हलतेय.

आता माझी गोष्ट.

२०११ च्या सुमाराला एक पोरगा जिप्सी घेऊन आला. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली तेव्हा ९७० सीसीची होती. १९९६ ला १२९८ सीसीची जिप्सी किंग आली, आधी कार्बोरेटरवर आणि मग १६ व्हॉल्व्हची एमपीएफआय. आपल्याकडं रॅलीचं वेड ज्यांना आहे, त्यातल्या निम्म्यांचं लगीन ह्याच गाडीशी लागलेलं. आमच्या बेंगळुरूला तर के-१००० सारखी जुनी रॅली आहे, त्यामुळं इथं जिप्सीवर हात न मारलेला मेस्त्री सापडणं मुश्कील. ह्या पोराची गाडी कार्बोरेटरची किंग. कॅम दुसरीकडनं घासून आणलेला, जेट बदललेले, एक्झॉस्ट बदललेला. तक्रार एकच. अण्णा, आयडल टिकत नाही. पाय काढला की बंद.

शनिवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याला मित्रांबरोबर रॅलीच्या सरावाला जायचं होतं. मी बॉनेट उघडलं, ऐकलं, आणि मनात म्हटलं, कॅम मोठा आहे, असंच चालणार. स्क्रूड्रायव्हर घेतला, आयडलचा स्क्रू आवळला. हजारला बंद पडत होती, बाराशेला अडखळत होती, दीड हजाराला टिकली. म्हटलं, झालं, जा. पंधरा मिनिटांचं काम. पोरगं खूश, मीही खूश.

सोमवारी संध्याकाळी तो ऑफिसहून परत येत होता. गोरगुंटेपाळ्याचा सिग्नल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. तुमकूर रोड आणि रिंग रोड जिथं भेटतात तिथं संध्याकाळी गाड्या मुंगीसारख्या सरकतात. दीड हजार आयडलची गाडी पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की आपोआप पळायला लागते. म्हणून तो सारखा ब्रेक दाबत होता. दाबला, सोडला. दाबला, सोडला. तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल लाकडासारखं कडक झालं. जोर लावूनही गाडी हवी तिथं थांबली नाही. पुढच्या रिक्षाला मागनं लागली. नशीब, वेग काहीच नव्हता. रिक्षाचा बंपर वाकला, टेललॅम्प फुटला, माणसाला खरचटलंही नाही.

तो माझ्याकडं आला, तेव्हा चिडलेला नव्हता. घाबरलेला होता. एवढंच म्हणाला, "अण्णा, ब्रेक लागलाच नाही."

मी आधी पॅड बघितले. ठीक. ब्रेक ऑइल ठीक. मग इंजिन चालू करून ब्रेक बूस्टरकडं जाणाऱ्या पाइपाजवळ कान नेला. स्स्स्स. मॅनिफोल्डवर जिथं तो रबरी पाइप क्लिपनं बसतो, तिथं खालच्या अंगानं तो फाटलेला होता. वरनं बघून दिसणार नाही असा.

समजून घ्या, काय घडलं होतं. आपल्या पेट्रोल गाडीचा ब्रेक बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. तुमच्या पायाच्या जोरात तो आपला जोर मिळवतो. बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा ब्रेक दाबायपुरता साठा असतो. मग इंजिनानं तो परत भरायचा. इथं मोठ्या कॅममुळं आयडलला व्हॅक्यूम आधीच कमी, त्यात पाइप फाटलेला. साठा संपला, भरला नाही, पेडल कडक झालं. आणि त्याच फाटक्या पाइपातनं आत शिरणाऱ्या हवेनं मिश्रण पातळ होत होतं, म्हणून आयडल टिकत नव्हतं. म्हणजे शनिवारी जिप्सी मला हेच सांगत होती की माझा ब्रेकचा पाइप फाटलाय. मी स्क्रू आवळून तिचं तोंड बंद केलं. वर तिला दीड हजारावर पळती केली, म्हणजे ब्रेक जास्त वेळा लागणार. चूक पोराची नव्हती. कॅम घासणाऱ्याचीही नव्हती. माझी होती. रिक्षावाल्याचे पैसे मी दिले.

त्या दिवसापासून मी कामाचा एक क्रम ठरवला. तो तुम्हाला सांगतो.

पहिलं, स्क्रूला हात लावायचा नाही. इंजिन गरम होऊ द्यायचं आणि नुसतं ऐकायचं.

दुसरं, लोखंडाचं काम तपासायचं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्यायचं. मोठ्या कॅमवर आकडे कमी येतात, कारण इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, घाबरायचं नाही. चारही जवळपास सारखे आहेत का, ते बघायचं. एकच खाली असेल तर ट्यूनिंगनं काहीही होणार नाही. टॅपेट त्या नव्या कॅमच्या मापानं लावायचे, कंपनीच्या पुस्तकातल्या मापानं नाही. टायमिंगच्या खुणा जुळवायच्या, प्लग काढून बघायचे.

तिसरं, हवेची गळती. मी आता धुराचं मशीन वापरतो. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये धूर सोडायचा, जिथनं बाहेर येईल तिथं भोक. पूर्वी आम्ही चालू इंजिनावर क्लीनरचा फवारा मारायचो. गरम एक्झॉस्टवर तो पेटू शकतो, तुम्ही तसलं करू नका.

चौथं, ब्रेक. होय, आयडलच्या कामात ब्रेक. ही परीक्षा तुम्ही कुणीही घरी करू शकता, मॉडिफाय न केलेल्या गाडीवरसुद्धा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर गाडी बाहेर काढू नका, मेस्त्रीला बोलवा.

ह्या सगळ्यानंतर पाचवं, व्हॅक्यूम गेज लावायचं. इथं एक गंमत आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की चांगलं इंजिन आयडलला पाऱ्याच्या १८ ते २१ इंचांचा व्हॅक्यूम दाखवतं. ते समुद्रसपाटीचं माप. बेंगळुरू साधारण ९२० मीटर उंचीवर, म्हणजे तीन हजार फूट. दर हजार फुटाला जवळपास एक इंच कमी होतो. मुंबईत १९ दाखवणारं इंजिन इथं १६ दाखवेल आणि तरीही ते ठणठणीत असेल. कोकणातनं वर आलेल्या कार्बोरेटरच्या गाडीला इथं हवा दहा टक्के विरळ मिळते, पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून ती काळं ओकायला लागते. सेटिंग चुकलेलं नसतं, गाव बदललेलं असतं.

जिप्सीवर मी पाइप बदलला तेव्हा सुई आठच्या आसपास नाचायची थांबली आणि अकरावर आली. मग इग्निशन थोडं आधी आणलं, कारण धूर मिसळलेलं मिश्रण सावकाश जळतं, त्याला ठिणगी लवकर लागते. सुई बारावर. मग मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत सुई जिथं सगळ्यात वर जाते तिथं थांबलो. मोठ्या कॅमला आयडलचं मिश्रण कंपनीपेक्षा थोडं जाड लागतं. कितीही फिरवून मिक्श्चरच्या स्क्रूनं फरकच पडत नसेल तर समजायचं की थ्रॉटलची पट्टी फार उघडलीय, पेट्रोल आता आयडलच्या भोकातनं न येता पुढच्या भोकांतनं येतंय. माझ्या दीड हजारानं नेमकं हेच केलं होतं. अशा वेळी जुने रेसिंगचे मेस्त्री थ्रॉटलच्या पट्टीलाच एक बारीक भोक पाडतात. लागणारी हवा त्यातनं येते आणि पट्टी परत मिटलेल्या जागी बसते.

आणि सगळ्यात शेवटी, अगदी शेवटी, आयडलचा स्क्रू. जिप्सी ११०० वर थांबली. ८५० वर ती कधीच शांत चालणार नव्हती आणि मी तसं कबूलही केलं नाही. मोठ्या कॅमची गाडी हजार-बाराशेवर टिकली, दिवे लावले, स्टिअरिंग वळवलं, फॅन चालू झाला तरी टिकली, थंड असताना आणि गरम असताना दोन्ही वेळा एका किल्लीत उठली, तर तिला गुळगुळीतच म्हणायचं. बॉनेटवर नाणं उभं राहिलं पाहिजे असा हट्ट असेल तर कंपनीचा कॅम परत बसवा.

आता कुणी म्हणेल, कार्बोरेटरचा जमाना गेला. खरंय. आता लॅपटॉप आला. पण आजार तेच आहेत, फक्त लपायच्या जागा बदलल्या.

एक हॅचबॅक आली होती. मोठे इंजेक्टर, वेगळा ईसीयू. पोरगा म्हणाला, "अण्णा, दिवसा चांगली चालते, रात्री बिघडते. काही बाहेरचं तर नाही ना?" मी म्हटलं, बाहेरचं नाही, आतलंच आहे, हेडलाइट लाव. दिवे लावले की आयडल खाली-वर व्हायला लागलं.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी तोटी. हुकूम मिळाल्यावर ती लगेच उघडत नाही, साधारण एक मिलिसेकंद वाया जातो. आयडलला एकूण हुकूमच दोनेक मिलिसेकंदाचा असतो. म्हणजे निम्मा वेळ फुकट, निम्म्यात पेट्रोल. दिवे लावले, व्होल्टेज १४ वरनं साडेबारावर आलं, की तोटी उघडायला आणखी ०.२ मिलिसेकंद लागू शकतात. एकातनं ०.२ गेले. पेट्रोल वीस टक्के कमी. रेस दिल्यावर हाच हुकूम दहा मिलिसेकंदाचा असतो, तिथं कळतही नाही. ईसीयूमध्ये व्होल्टेजप्रमाणं ही भरपाई लिहायची जागा असते, ती कुणी भरलीच नव्हती. त्या गाडीची अर्थची वायरही सैल होती. वायर घट्ट केली, इंजेक्टरचे आकडे भरले, भूत पळालं. तिथंही आधी कुणीतरी आयडल वाढवून दिलेलं होतंच.

दुसरा सापळा ऑक्सिजन सेन्सरचा. मोठ्या कॅमवर धक्का चुकला की न जळलेली हवा तशीच एक्झॉस्टमध्ये जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. तो म्हणतो, पेट्रोल कमी पडतंय. खरं तर जास्त झालेलं असतं. ईसीयू आणखी पेट्रोल घालतो, आणखी धक्के चुकतात. म्हणून अशा इंजिनाला आयडलपुरतं सेन्सरचं ऐकणं बंद करतात आणि कानानं, गेजनं, प्लगच्या रंगानं ठरवतात.

आणि हे जे खाली-वर होणं, ज्याला आम्ही हंटिंग म्हणतो, ते नवीन नाही. जेम्स वॅटनं १७८८ साली वाफेच्या इंजिनाला गोल फिरणाऱ्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला, वेग एकसारखा राहावा म्हणून. तसल्या गव्हर्नरांचेही वेग कधीकधी झोके घ्यायचे. शेवटी जेम्स क्लार्क मॅक्सवेल, ज्यांनी वीज आणि चुंबकाची समीकरणं दिली, त्यांनी १८६८ साली गव्हर्नरवर शोधनिबंध लिहिला. कारण सोपं आहे. आंघोळीला गिझरचा नळ सोडता. पाणी गार, म्हणून गरम वाढवता. ते यायला वेळ लागतो, म्हणून आणखी वाढवता. मग एकदम चटका, म्हणून गार सोडता. उशिरा कळणं आणि जास्त सुधारणं, ह्या दोन्हीनं झोके सुरू होतात. आयडलला हवा वाढवली तर मॅनिफोल्ड भरून परिणाम दिसायला वेळ लागतो. ठिणगी मात्र पुढच्या धक्क्यालाच बदलते. म्हणून नव्या इंजिनात बारीक सावरणं ठिणगीवर सोपवायचं आणि हवा सावकाश हलवायची. आरपीएम पडलं की ठिणगी थोडी आधी यावी, चढलं की थोडी उशिरा. घाई ठिणगीनं करायची, हवेनं नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण हे ऐकणारी बरीच पोरं असतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं परवानगीशिवाय गाडीत असे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसीमध्ये पेट्रोल गाडीचा धूर आयडललाच मोजतात, आणि धक्के चुकणारी गाडी न जळलेलं पेट्रोल बाहेर टाकते. तेव्हा हौस असेल तर ट्रॅकची गाडी वेगळी ठेवा, ट्रेलरवर घालून न्या. मी आता रस्त्यावरच्या गाडीला मोठा कॅम बसवत नाही. गिऱ्हाईक रुसतं. रुसू दे.

त्या जिप्सीचा पोरगा आता पोरगा राहिला नाही, दोन मुलांचा बाप आहे. गाडी फक्त रॅलीपुरती ठेवलीय, ट्रेलरवर येते, ट्रेलरवर जाते. माझ्याकडं आणली की मी आधी इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबून बघतो, मग किल्ली फिरवतो. ११०० वर गुडुक-गुडुक करत उभी राहते. कधी आवाज बदललेला वाटला तर स्क्रूड्रायव्हर खिशातच ठेवतो आणि आधी कान लावतो.

आयडल वाढवणं सोपं असतं, मंडळी. पंधरा मिनिटांचं काम. म्हणूनच ते सगळ्यात शेवटी करायचं.